आमची भारंगी दरवर्षी फुलते

“सर, तुम्ही आत्ता ज्या झाडांबद्दल सांगितलंत, त्यातलं एक तरी तुमच्या घरी आहे का?”

हा प्रश्न माझा एकटीचा नव्हता, आमच्या अख्ख्या बाकाचा होता. कर्पे सर सव्वा तास बोलत होते. पडद्यावर एकामागून एक रानझाडं येत होती आणि जात होती, आणि शाळेच्या हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास कोंडला होता. जुलेखाने वहीच्या मागच्या पानावर तो प्रश्न लिहिला, वही माझ्याकडे सरकवली आणि खाली लिहिलं, ‘विचारून दाखव.’

मी तेव्हा आठवीत होते. आता अकरावीत आहे, त्यामुळे त्या मुलीबद्दल थोडं परक्यासारखं बोलता येतं. सातवीपर्यंत ती हजेरीला इतक्या हळू ‘हजर’ म्हणायची की बाई तिची गैरहजेरी मांडायच्या. मग जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेच्या दिवशी आमच्या वर्गाची ठरलेली मुलगी तापाने आजारी पडली, आयत्या वेळी हजेरीच्या ह्या मुलीला उभं केलं आणि तिचा तिसरा नंबर आला. त्या दिवसापासून ऋजुता परब या मुलीला थांबवणं कणकवलीत कोणालाच जमेना. कोणी ‘विचारून दाखव’ म्हणायचा अवकाश, की ती उभी.

कर्पे सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि परत घातला. ते कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले होते. “नाही,” ते म्हणाले. “मी रत्नागिरीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. गॅलरीत तुळस आहे आणि एक कोरफड.”

हॉल हसला. सरही हसले. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या घरी आहे का?”

“आहे ना सर. भारंगी.”

“घरच्या बागेत? फुलते का?”

इथे मी खाली बसायला हवं होतं. जुलेखा माझा स्कर्ट ओढत होती.

“दरवर्षी,” मी म्हटलं. “गणपतीच्या सुमारास.”

सरांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. ते तालुक्यातल्या रानफुलांवर एक पुस्तिका करत होते. भारंगी त्यांनी डोंगरात पुष्कळ पाहिली होती, घराच्या मागे फुललेली नव्हती. गणपती झाल्यावरच्या रविवारी ते स्वतः येऊन फोटो काढणार आणि त्याखाली माझं नाव छापणार, असं त्यांनी माइकवरून सांगितलं. मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळच्या फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं होतं: ‘अभिनंदन. कु. ऋजुता परब हिच्या परसबागेत दरवर्षी भारंगी फुलते.’ ते पुढे कोणी पुसलंच नाही.

आमच्या परसात भारंगी होती, एवढं खरं होतं. आठ वर्षांत तिचं एकही फूल कोणी पाहिलेलं नव्हतं.

ती आईने आणलेली होती. आईचं माहेर घाटावर, गगनबावड्याला. एकदा तिकडून येताना तिने तांदळाच्या रिकाम्या पोत्यात मातीसकट एक मूळ गुंडाळून आणलं आणि धुण्याच्या दगडाशेजारी लावलं. होळी झाली की हे झुडूप वरून वाळायला लागायचं. मे महिन्यात तिथे फक्त करड्या काटक्या उभ्या असायच्या. दर मे महिन्यात बाबा त्या काटक्यांवर स्कूटरची किल्ली वाजवायचे आणि जाहीर करायचे, की ही मेली, यंदा इथे लाद्या टाकू आणि स्कूटर उभी करू. आई हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. तांदूळ धुतलेलं पाणी त्या काटक्यांच्या बुडाशी ओतायची आणि आत जायची. जूनमध्ये बुडातून लालसर कोंब उठायचे आणि बाबा लाद्या विसरून जायचे.

कारण मग बाबांचा सोहळा सुरू व्हायचा. भारंगीच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी. पहिली खुडणी बाबा ज्या पतपेढीत होते तिथल्या चेअरमनसाहेबांकडे, दुसरी आमच्याकडे वाल घालून, तिसरी जो कोणी पाहुणा येईल त्याच्यासाठी. खुडायला बाबा स्वतः जायचे, हातात वेताची पाटी घेऊन. जेवताना ते त्या भाजीबद्दल असं बोलायचे, की जणू जमिनीतून तो कोंब त्यांनीच वर ढकललाय. भाजी कडू असायची. “छातीला चांगली,” असं ते प्रत्येक घासाला सांगायचे.

फळ्यावर नाव लागलं त्या संध्याकाळी मी आईला विचारलं, की आपली भारंगी फुलत का नाही. आई कपड्यांच्या घड्या करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, की फूल शेंड्याला येतं, आणि शेंडा आपण ठेवतो कुठे.

इतकं सोपं होतं. दोन महिने कोणी हात लावायचा नाही, बस. पण बाबांना काय सांगायचं? शाळेसमोर खोटं बोलले, हे त्यांना सांगणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या नंबरचं माझं प्रमाणपत्र ते पतपेढीच्या ड्रॉवरमध्ये ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाटी घेऊन परसात निघाले, तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले.

“बाबा, आईला एकदा ह्या झाडाचं फूल बघायचंय. माहेरचं झाड आहे तिच्या. ती बोलत नाही, पण तिच्या मनात आहे.”

हे वाक्य मला कुठून सुचलं कोण जाणे. त्या दिवसांत माझ्या तोंडून वाक्यं अशी तयार होऊनच बाहेर पडायची.

बाबा पाटीकडे बघत राहिले. “मला कधी बोलली नाही ती.”

“तुम्ही विचारलंत कधी?” असं मी त्यांना सुनावलं. मीही विचारलेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाबांनी पाटी खुंटीला परत अडकवली. त्या दिवसापासून ते आईशी जरा अवघडून, पाहुण्यासारखे वागायला लागले. नळाची बादली स्वतः उचलून आत आणायचे. चहा झाल्यावर कप मोरीत नेऊन ठेवायचे. प्रश्न होता चेअरमनसाहेबांचा. जुलैची भाजी आली नाही म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं, की मिसेसचं व्रत आहे, फुलेपर्यंत खुडायची नाही. साहेब धार्मिक वृत्तीचे. त्यांनी आईच्या नावाने एक नारळ पाठवला. दोन दिवसांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला, की हे व्रत नेमकं कोणत्या देवाचं आणि ते नोकरीसाठी करतात की संततीसाठी. बाबांनी आई मंदिरात गेलीय असं सांगितलं. आई स्वयंपाकघरात त्या नारळाच्या वड्या थापत होती.

आईने ह्या सगळ्यात काही म्हटलं नाही. मला वाटलं, तिला बरं वाटतंय.

मी रोज शाळेच्या पट्टीने झाड मोजत होते. जुलेखा आकडे तिच्या वहीत मांडत होती, कारण ह्या संकटात अर्धा वाटा तिचा होता, हे तिने प्रामाणिकपणे मान्य केलं होतं. ऑगस्ट संपता संपता भारंगी माझ्या खांद्याला लागली. पानं चरचरीत झाली, कडा करवतीसारख्या. फूल मात्र नाही.

गणपतीला मुंबईहून आत्या आली. ऋषिपंचमीच्या सकाळी ती माजघरात भाज्यांचा ढीग मांडून बसली होती, अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ. मग तिला आठवलं, की ऋषीच्या भाजीत रानातलं काहीतरी हवं, आणि वहिनीची भारंगी आहे ना मागे. ती सुरी घेऊन उठली. मी आंघोळ अर्धी टाकून परसात पोचले. तिच्या हातात एक शेंडा आलेला होता. त्या शेंड्यात हिरव्या दाण्यांसारखं काहीतरी होतं. त्या कळ्या होत्या.

“आत्या, नको ना खुडू. आईला फूल बघायचंय.”

आत्याने सुरी खाली केली. माजघरातून बाबा आले, काका आले, काकू आली. सगळे वळून आईकडे बघायला लागले. आई मागच्या दारात उभी होती, मोदकांच्या पिठाचे हात तसेच.

मी तिच्याकडे अशी बघत होते, की तिने फक्त एकदा मान हलवावी.

“राहू दे ह्या वर्षी,” आई म्हणाली आणि आत गेली.

त्या क्षणी मला आई फार आवडली. न सांगता तिने माझी बाजू घेतली, असं मी जुलेखाला सांगितलं. जुलेखा म्हणाली, आमची आई असती तर आधी कारण विचारलं असतं.

गणपती गेले, आणि त्या गुरुवारी सकाळी दात घासताना मला पहिलं फूल दिसलं. फिकट निळं, जवळजवळ पांढरं, आणि खालची एकच पाकळी गडद जांभळी, कोणीतरी पेनाची शाई झटकल्यासारखी. शुक्रवारी दहा-बारा शेंडे फुलले. शाळा सुटल्यावर जुलेखा मुद्दाम बघायला आली. बराच वेळ बघून झाल्यावर तिने निकाल दिला: “म्हणजे तू खोटं बोललीच नाहीस. फक्त लवकर बोललीस.”

मला हे फारच पटलं. रविवारी सर येणार, फोटो निघणार, आणि जुलैमध्ये बोललेलं सगळं खरं ठरणार होतं. ‘दरवर्षी’ हा एक शब्द राहत होता, पण फोटोत वर्षं कुठे दिसतात.

शनिवारी सकाळची शाळा. साडेबाराला मी घरी आले आणि दप्तरासकट परसात गेले. भारंगी उभी होती. पानं होती. वरचे सगळे शेंडे नखाने खुडावेत तसे खुडलेले होते. निळं काही नव्हतं.

मी आत धावले. आई गॅसपाशी होती. चाळणीत पिळून ठेवलेला एक निळसर-करडा गोळा, कढईत लालसर होत आलेला कांदा, बाजूला खवलेलं खोबरं.

“आई, हे काय केलंस तू?”

“भाजी.”

“फुलांची?”

“खरी भाजी फुलांचीच. तुमची ती पानांची नुसती कडू.” तिने गोळा कढईत मोकळा केला. “आमच्याकडे बावड्याला फुलांची वाट बघतात.”

मी म्हटलं, की उद्या सर येणार आहेत. माझा आवाज हजेरीच्या वेळचा झाला होता. आई म्हणाली, हो, त्यांनाही वाटीभर ठेवलीय.

मी रडणार होते, निदान ओरडणार तरी होते. पण आईने ताट घेतलं, भाकरी घेतली, भाजी वाढून घेतली आणि पाटावर बसली. बाबा अजून आले नव्हते. सगळ्यांच्या आधी जेवायला बसलेली आई मी तोवर पाहिली नव्हती. तिने पहिला घास सावकाश चावला, आणि स्पर्धेचे परीक्षक हलवतात तशी मान हलवली.

“मीठ जरा कमी पडलं,” ती म्हणाली आणि दुसरा घास घेतला.

रविवारी दहा वाजता कर्पे सर एसटीने आले, गळ्यात कॅमेरा अडकवून. बाबा इस्त्रीच्या शर्टात फाटकापाशी उभे होते; सर आपलं झाड बघायला येताहेत, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. मी तीन गोष्टी तयार ठेवल्या होत्या: एकीत शेजारची बकरी होती, दुसरीत वारा, तिसरीत बॉल खेळणारी मुलं. तिन्हींत भारंगी दरवर्षी फुलत होती.

सर झाडापाशी वाकले, खिशातून भिंग काढून खुडलेला शेंडा बघितला. “परवापर्यंत होती म्हणायची फुलं.”

मी बकरीसाठी तोंड उघडलं.

“मी काढली,” आई मागून म्हणाली. “भाजी केली.”

सर सरळ उभे राहिले. “दरवर्षी करता?”

आईने माझ्याकडे बघितलं, पापणी लवावी इतकाच वेळ. “छे. आठ वर्षांत पहिल्यांदा फुलली ना.”

“मी राखली हिच्यासाठी,” बाबा अभिमानाने म्हणाले. “शेंड्याला हात लावू दिला नाही कोणाला.”

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी भाजी उरलीय का ते विचारलं. ओटीवर बसून, भाकरीबरोबर त्यांनी ती वाटी पुसून खाल्ली. मग ते म्हणाले, की तीन पुस्तकांत त्यांनी ‘फुले खाद्य’ असं लिहिलंय आणि खाल्ली आज. आईला ते विचारत गेले: कळ्या घ्यायच्या की उमललेली, किती पाण्यातून काढायची, कुठल्या महिन्यापर्यंत. आई सांगत गेली. तिची आई कुठल्या उतारावरून फुलं आणायची, कोणाला कशाबरोबर आवडायची, हे सगळं. सरांची डायरीची दोन पानं भरली. बाबांनी दोनदा मध्येच ‘छातीला चांगली’ असं सांगून बघितलं, पण ते कोणी लिहून घेतलं नाही.

जाताना सर फाटकापाशी थांबले. बाबा त्यांची छत्री घेऊन मागे होते.

“तू त्या दिवशी रंग सांगितला नाहीस,” सर मला म्हणाले. “ज्याने फूल पाहिलंय तो आधी रंग सांगतो. तू महिना सांगितलास.”

मी फाटकाची कडी काढली आणि परत लावली.

“असू दे,” ते म्हणाले. “माझ्याकडे आंबोलीच्या भारंगीचा जुना फोटो आहे, चांगला आलाय. तोच टाकतो, खाली तुझं नाव. शाळेत फळ्यावर लागलंय म्हणे. उगाच हसं नको व्हायला पोरीचं.”

सर गेले. बाबांना सगळं जुळवायला फाटकापासून ओटीपर्यंतचा वेळ लागला. म्हणजे तू शाळेत, असं म्हणून ते थांबले, मग म्हणाले, जाऊ दे, सर देवमाणूस आहेत, नाव छापून येतंय हे महत्त्वाचं. एक प्रत चेअरमनसाहेबांना देता येईल. व्रत फळाला आलं, म्हणजे तोही विषय मिटला. ते ओटीवर बसून आत्याला फोन लावायला लागले.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओटा पुसत होती.

“तुला माहीत होतं, सर फुलांसाठी येणार होते?”

“हो.”

“आणि मी शाळेत काय सांगितलं होतं ते?”

“ते जुलैतच कळलं. जुलेखाची आई भेटली होती बाजारात.”

“मग एक दिवस थांबली असतीस तर? उद्या काढली असतीस फुलं.”

आईने फडकं पिळलं, झटकलं आणि वाळत घातलं. “बाबांना तू काय सांगितलंस? आईला हवंय. आत्यालाही तेच. त्या साहेबांकडून माझ्या नावाचा नारळ आला. दोन महिने सगळं घर माझ्यासाठी झाड राखत होतं, आणि एकाने येऊन मला विचारलं नाही, की बाई, तुला फूल बघायचंय की खायचंय.”

ती रागावलेली नव्हती. त्यामुळे मला भांडताही येईना.

“माझ्या नावावर राखलंत ना,” आई म्हणाली. “मग माझीच होती ती फुलं.”

कढईच्या कडेला चमचाभर भाजी उरली होती. ती तिने माझ्या हातावर ठेवली. खरं सांगायचं तर मला ती आवडली नाही. पण मी खाल्ली, आणि ती गिळून होईपर्यंत आई माझ्याकडे बघत राहिली.

बाहेर बाबा फोनवर आत्याला सांगत होते, की ऋजूचा फोटो, म्हणजे झाडाचा फोटो, म्हणजे तसल्याच एका झाडाचा फोटो पुस्तकात येतोय.

“आई,” मी विचारलं, “तुझं नाव छापलेलं चालेल तुला?”

तिने विचार केला. “नुसतं नाव नको. बावडा घालणार असतील तर चालेल.”

मी मधल्या दारात जाऊन उभी राहिले, म्हणजे दोघांनाही ऐकू जाईल. बाबांनी फोनवर हात ठेवला.

“उद्या मी कर्पे सरांना फोन करणार आहे,” मी म्हटलं. बाबा म्हणाले, आलेलं नाव कोणी परत पाठवतं का, आणि मग त्या फळ्याचं काय. “फळा मी स्वतः पुसणार आहे, सगळ्यांच्या देखत. आणि सरांना सांगणार आहे, की आंबोलीचा फोटो नको आणि माझं नाव नको. छापायचंच असेल तर एवढं छापा: गगनबावड्याच्या सुलभा परब यांची भारंगी आठ वर्षांत एकदा फुलली, आणि ती त्यांनी खाल्ली.”